सप्लाय कोणाचा?

मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम भरायचा असला की प्रोग्रामर नावाच्या डबीतून पाच-सहा तारा निघतात आणि बोर्डावर जातात. यांतल्या क्लॉक, डेटा आणि रिसेट या तारा मानाच्या. त्यांच्यावर पुस्तकात प्रकरणं असतात, वर-खाली उड्या मारणाऱ्या रेघांच्या आकृत्या असतात, परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न असतो. उरलेल्या दोन तारांच्या वाट्याला प्रकरणाच्या शेवटी एक ओळ येते : 'व्हीसीसी आणि ग्राउंड जोडा.' जोडा म्हणजे नेमकं काय करा? बोर्डाने प्रोग्रामरला द्यायचं, की प्रोग्रामरने बोर्डाला? दोघांनी एकदमच देऊ केलं तर? लेखकाने यावर मौन पाळलेलं असतं. आणि 'चिप मेली आहे, बदलून द्या' म्हणत जी मंडळी येतात, त्यांच्या तक्रारीचं मूळ हटकून या मौनात सापडतं.

पूर्वी असा प्रश्न पडत नसे. इंटेलच्या ८७५१ सारख्या चिपांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची. चिप सॉकेटमधून उपटायची, एखादा पाय वाकवायचा, मग तो सरळ करायचा, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवून जुना प्रोग्राम पुसायचा आणि प्रोग्रामरच्या सॉकेटात बसवून नवा भरायचा. त्या सॉकेटात वीज प्रोग्रामरचीच. दुसरा मालकच नव्हता. मग १९९३ साली मायक्रोचिप कंपनीची पिक १६सी८४ आली. तिची मेमरी विजेनेच पुसली जाई आणि मोजक्या तारांवरून, बोर्डावर बसल्या जागी, भरलीही जाई. चिप उपटायची गरज संपली. पुढे तर चिपा इतक्या बारीक झाल्या की उपटायची सोयही संपली. आता चिप प्रोग्रामरकडे जात नाही, प्रोग्रामर चिपकडे येतो. येताना तो लॅपटॉपच्या यूएसबीतून ओढलेले पाच व्होल्ट घेऊन येतो. बोर्डावर बोर्डाचा स्वतःचा सप्लाय असतोच. मालक दोन झाले आणि व्यवहार कोणी ठरवलाच नाही.

प्रोग्रामरचे स्वभाव तीन. काही देणारे, काही नुसते बघणारे, आणि काही सांगितलं तर देणारे. पंचाईत अशी की तिघांच्याही पिनेवर नाव एकच, 'व्हीसीसी' किंवा त्याचंच एखादं भावंड.

यूएसबीएएसपी हा देणारा. विद्यार्थ्यांचा लाडका, कारण स्वस्त. यूएसबीत जे येतं ते तो जवळजवळ तसंच बोर्डाकडे ढकलतो. ॲटमेलचा एव्हीआरआयएसपी मार्क टू हा बघणारा. त्याच्या व्हीसीसी पिनेतून काहीही बाहेर येत नाही. बोर्डावर किती व्होल्ट आहेत ते तो त्या पिनेवरून पाहतो आणि आपल्या डेटा तारांची पातळी तेवढीच ठेवतो. तीन व्होल्टच्या चिपशी पाच व्होल्टच्या आवाजात बोलू नये, एवढी सभ्यता त्याला आहे. बोर्डावर सप्लाय नसेल तर तो लाल दिवा लावून बसतो, आणि केबल उलटी खुपसली असेल तर नारिंगी दिवा लुकलुकवतो. एसटी-लिंक व्ही टू हाही मूळचा बघणाराच. पण त्याच्या ज्या नकला पेन ड्राइव्हएवढ्या डबीत मिळतात, त्या देतात. म्हणजे मूळ वस्तूचं माहितीपत्रक वाचायचं आणि नक्कल वापरायची, अशी आपली पद्धत असल्याने आपण वाचतो बघणाऱ्याबद्दल आणि जोडतो देणाऱ्याला.

पिककिट थ्री हा सांगितलं तर देणारा. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बारीक चौकोन असतो, त्यात टिक केली की देतो, किती व्होल्ट द्यायचे तेही विचारतो. तो चौकोन मेन्यूच्या इतक्या आत ठेवलेला आहे की तो शोधण्यात यश आलेला माणूस पुढे ती टिक कधीच काढत नाही. मग एके दिवशी ३.३ व्होल्टची चिप समोर येते, आणि गेल्या महिन्यात निवडलेले पाच व्होल्ट तिला मिळतात. ती काही तक्रार करत नाही. जराशी गरम होते, एवढंच.

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे काउंटरवर या विषयाची चर्चा साधारण अशी होते :

"यातून बोर्डाला पाच व्होल्ट मिळतात का?"

"मिळतात की."

"आणि बोर्डाला स्वतःचा सप्लाय असेल तर?"

"तरी मिळतात."

"मग दोघांचं भांडण नाही का होणार?"

"अडीचशे रुपयांत किती चौकशी करणार, साहेब?"

आता देणारा देतो म्हणजे किती देतो, तेही पाहिलं पाहिजे. पिककिट थ्रीची ऐपत ३० मिलिअँपिअरची आहे. एकट्या चिपला आणि तिच्या एखाद्या एलईडीला हे पुरून उरतं. पण समोरच्या बोर्डावर बॅकलाइटवाला एलसीडी असतो, चार रिले असतात, आणि कोपऱ्यात एक जीएसएम मोड्यूल असतं, जे टॉवरशी बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत मागतं. या सगळ्या गोतावळ्याला ३० मिलिअँपिअरवर पोसायची अपेक्षा धरून माणूस 'प्रोग्राम' बटण दाबतो. मग सॉफ्टवेअर पडद्यावर सविस्तर निवेदन देतं : मी पाच व्होल्ट द्यायचा प्रयत्न करतो आहे, पण बोर्डावर मला इतकेच दिसताहेत. इतकं स्वच्छ, नम्र आणि खरं बोलणारं सॉफ्टवेअर क्वचितच आढळतं. त्यावर माणूस काय करतो? ओके दाबतो आणि पुन्हा 'प्रोग्राम' दाबतो.

वाय-फायवाल्या चिपांची तर कथाच निराळी. ईएसपी८२६६ प्रक्षेपण करताना १७० मिलिअँपिअरच्या आसपास खाते आणि मधूनमधून त्याहून मोठे घास घेते. लोक तिला यूएसबी-सिरियल अडॅप्टरच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवर लावतात, कारण पिनेवर ३.३ लिहिलंय आणि चिपलाही ३.३च हवेत. आकडे जुळले की आपण पुढचं वाचत नाही. त्या अडॅप्टरमधली एफटी२३२आर चिप त्या पिनेतून फक्त ५० मिलिअँपिअर देऊ शकते, ही ओळ माहितीपत्रकात आहे. प्रोग्राम भरताना सारं ठीक चालतं, कारण तेव्हा रेडिओ झोपलेला असतो. प्रोग्राम सुरू होतो, रेडिओ जागा होतो, व्होल्टेज बसतं, चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, रेडिओ पुन्हा जागा होतो. तिची थोरली बहीण ईएसपी३२ निदान 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' असं छापून मगच कोसळते. ही ओळ पडद्यावर शेकडो वेळा सरसर खाली जात असते आणि प्रोग्राम लिहिणारा आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत असतो. त्याचं म्हणणं असं, की प्रोग्राम भरला गेला म्हणजे सप्लाय ठीक आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा विजेवर फार विश्वास असतो.

या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग मात्र पुढेच आहे. समजा, व्हीसीसीची तार लावायचीच राहून गेली. ना बोर्डाचा सप्लाय, ना प्रोग्रामरचा. तर चिप गप्प बसायला हवी. ती बसत नाही. चालते! ओळख सांगते, कधीकधी प्रोग्रामही भरून घेते. हा चमत्कार पाहून कित्येकांचा विजेच्या मूलभूत नियमांवरचा विश्वास उडाला आहे.

चमत्कार वगैरे काही नाही. ही चिप आकडा टाकते. गावाबाहेर मेन लाइनवर बांबूच्या टोकाने आकडा टाकून जसे लग्नाचे मांडव उजळतात, ना मीटर ना बिल, तसाच हा प्रकार आहे. चिपच्या प्रत्येक पायामागे एक छोटा डायोड दडवलेला असतो. हाताच्या बोटांतून येणारी स्थिर वीज परस्पर सप्लायच्या पट्टीकडे वळवावी आणि आतलं नाजूक सामान वाचवावं, एवढंच त्याचं काम. पण प्रोग्रामर डेटाच्या तारेवर पाच व्होल्ट ठेवतो आणि पलीकडे सप्लायची पट्टी रिकामी असते, तेव्हा याच डायोडमधून वीज आत शिरते. डायोड आपले अर्धा-पाऊण व्होल्ट कापून घेतो, उरलेल्या सव्वाचार-साडेचारांवर चिप उठून बसते. तिला तसे थोडेच मिलिअँपिअर लागतात. वर सप्लायची पट्टी सगळ्या बोर्डाची एकच, त्यामुळे शेजारच्या चिपाही त्याच आकड्यावर जोडल्या जातात आणि पॉवरचा एलईडी मिणमिणता लागतो. डेटाशीट सांगते की कुठल्याही पायावर सप्लायपेक्षा अर्धा व्होल्टहून जास्त चढवू नका. आकडा टाकणारा डेटाशीट वाचून थोडाच टाकतो?

या आकड्याचे परिणाम मोठे फसवे. चिपची ओळख पटते, पण लिहायला घेतलं की अर्ध्यात गाडी अडते, कारण वाचण्यापेक्षा पुसायला आणि लिहायला दमदार वीज लागते. एक पोरगा बोर्ड घेऊन येतो आणि सांगतो, "सर, चिप विसरते." म्हणजे काय? तर प्रोग्रामर जोडलेला असेपर्यंत दिवे नाचतात, केबल काढली की सगळं बंद. त्याचं निदान पक्कं असतं : मेमरीत काही राहत नाही. फ्लॅश मेमरीला विस्मृतीचा रोग होतो, असं त्याने ठरवलेलं असतं आणि त्यावर इलाज म्हणून नवी चिप मागवलेलीही असते. व्हीसीसीच्या पायाला सोल्डर लागलेलंच नाही, हे भिंगातून दाखवलं तर तो म्हणतो, "पण मग आत्तापर्यंत चालत कशी होती?" या प्रश्नाचं उत्तर त्याला आवडत नाही.

त्याहून वाईट म्हणजे बंद करून परत चालू करण्याचा जो राष्ट्रीय उपाय आहे, तोही इथे लागू पडत नाही. बोर्डाचा स्वीच बंद केला तरी डेटाच्या तारेवरचा आकडा कायम असतो. व्होल्टेज पूर्ण खाली येतच नाही, चिपला आपण बंद झालो होतो हे कळत नाही, आणि ती अर्धवट झोपेतल्या अवस्थेतून तशीच पुढे चालू लागते. माणूस स्वीच खाली-वर करत बसतो.

तार राहून गेल्याची ही कथा. दोन्हीकडून सप्लाय आल्याची कथा उलटी. बोर्डाला बारा व्होल्टचा अडॅप्टर लावलाय, तो ७८०५ रेग्युलेटरमधून पाच व्होल्ट करतोय. प्रोग्रामरही पाच व्होल्ट देतोय. दोन्ही पाचच, मग बिघडलं काय? बिघडतं असं की एक असतो ५.०५ आणि दुसरा ४.८५, आणि वीज वरून खाली वाहते. बोर्डाचा सप्लाय मग लॅपटॉपच्या यूएसबीत शिरायला बघतो. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर द्यायला केलेलं आहे, घ्यायला नाही. अडॅप्टर काढलेला असेल तर प्रोग्रामरचे पाच व्होल्ट ७८०५ च्या मागच्या दाराने आत घुसतात आणि रेग्युलेटरच्या अलीकडचा एलईडीही लागतो. तो पाहून 'वा, बोर्ड सुरू झाला' म्हणणारे आहेत.

आर्डुइनो उनोवर ही भानगड सोडवलेली आहे. तिथे एक कंपॅरेटर आणि एक मॉस्फेट मिळून पाहतात की बाहेरून अडॅप्टर लावलाय का. लावला असेल तर यूएसबीची वीज परस्पर तोडतात. वर ५०० मिलिअँपिअरचा आपोआप सावरणारा फ्यूज. इटलीतल्या इव्रेयामध्ये ज्यांनी आर्डुइनो विद्यार्थ्यांसाठी घडवला, त्यांना विद्यार्थी माहीत होते. आपल्याकडे मात्र उनोवर शिकलेला माणूस स्वतःचा पहिला बोर्ड करताना सगळ्यात आधी तो मॉस्फेट वगळतो. खर्च वाचतो, आणि आकृती नीटनेटकी दिसते.

ॲटमेलच्या एव्हीआर चिपांच्या सहा पिनांच्या हेडरबद्दल एक कौतुकाची गोष्ट सांगायलाच हवी. केबल उलटी लावली तर प्रोग्रामरचं व्हीसीसी बोर्डाच्या रिसेटवर जातं आणि ग्राउंड जातं मिसो या डेटा तारेवर. म्हणजे व्हीसीसी-ग्राउंड सरळ एकमेकांना भिडत नाहीत, बहुतेक वेळा काही जळत नाही, नुसतं काम होत नाही. ही मांडणी मुद्दाम केली असो वा नसो, तिने जगभरातल्या शिकाऊंच्या किती चिपा वाचवल्या याचा हिशेब नाही.

अशा वेळी पडद्यावर काय येतं तेही पाहण्याजोगं आहे. एव्हीआरसाठी जो एव्हीआरड्यूड नावाचा प्रोग्राम वापरतात, तो चिपला आधी तिची ओळख विचारतो. एटीमेगा३२८पी असेल तर उत्तर यायला हवं : १ई ९५ ०एफ. सप्लाय नसेल तर येतात सहा शून्यं. त्यावर एव्हीआरड्यूड चक्क 'याइक्स!' असं ओरडतो आणि पुढे सांगतो, जोडण्या पुन्हा तपासा, नाहीतर 'उणे एफ' वापरून ही तपासणी टाळा. दोन उपाय दिले, एक उठून तारा बघायचा आणि दुसरा जागेवरून न हलता एक अक्षर टाइप करायचा. लोक कोणता निवडतात हे सांगायला नको. 'उणे एफ' दिल्यावर एव्हीआरड्यूड निमूटपणे अस्तित्वात नसलेल्या चिपमध्ये संपूर्ण प्रोग्राम लिहितो, आणि शेवटी पडताळणीत सगळं चुकलं म्हणून सांगतो.

त्यानंतरचा क्रम सगळीकडे सारखा. ड्रायव्हर पुन्हा टाकायचा. यूएसबीचं पोर्ट बदलायचं. विंडोज रीस्टार्ट. अँटिव्हायरस बंद. मित्राचा लॅपटॉप. नवी केबल. नवा प्रोग्रामर. नवी चिप. आणि रात्री अकराला कुणीतरी हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरून मल्टिमीटर आणतं आणि दोन टोकं व्हीसीसी आणि ग्राउंडवर ठेवतं. मीटर दाखवतो १.९ व्होल्ट. ज्या उपकरणाने पहिल्या मिनिटाला उत्तर दिलं असतं, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, कारण हाताशी असलेल्या मीटरला बॅटरी नसते. त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी कुणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टला काढून नेलेली असते.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. ग्राउंडच्या तारेबद्दल मात्र हसून भागत नाही. स्वस्तातले बरेच टायमर, दिवे आणि पंख्यांचे कंट्रोलर यांच्या बोर्डावर ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर आणि एक झेनर घालून २३० व्होल्टमधून सरळ पाच व्होल्ट काढलेले असतात. अशा बोर्डाचं ग्राउंड म्हणजे घरातल्या प्लगची एक तारच. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो, त्यामुळे ती तार न्यूट्रल की फेज हे नशिबावर. या बोर्डाला मेनचा सप्लाय चालू ठेवून प्रोग्रामर जोडला, की फेज ग्राउंडच्या तारेतून प्रोग्रामरमध्ये, तिथून लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपवर हात असेल तर माणसात. नामी प्रोग्रामर आणि चांगला लॅपटॉप एकाच आवाजात गेल्याची उदाहरणं आहेत. लॅपटॉप तर परत घेता येतो. म्हणून मेन काढायचं, कपॅसिटर रिकामा होऊ द्यायचा आणि बोर्डाला पाच व्होल्ट प्रोग्रामरमधूनच द्यायचे. वर ज्यांना हिणवलं ते ३० मिलिअँपिअर इथे जीव वाचवतात. मेन चालू ठेवूनच काम करायचं असेल तर मध्ये यूएसबी आयसोलेटर बसवावा. तो प्रोग्रामरहून महाग असतो, आणि असायलाच हवा.

साध्या बोर्डावरही ग्राउंड आधी, बाकीचं मागून, ही शिस्त बरी. यूएसबीचा जुना चपटा प्लग नीट पाहिलात तर त्यातल्या कडेच्या दोन पट्ट्या, पॉवर आणि ग्राउंड, मधल्या दोन डेटा पट्ट्यांपेक्षा पुढे आलेल्या दिसतील. प्लग आत जाताना वीज आणि ग्राउंड आधी भेटतात, बोलणी नंतर सुरू होतात. आपण जंपर वायर लावताना मात्र रंग आवडेल ती तार आधी लावतो.

ठरवलं तर हा सगळा घोळ टाळता येतो, याचा पुरावाही आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३० चिपांच्या चौदा पिनांच्या कनेक्टरवर सप्लायसाठी दोन वेगळ्या पिना आहेत. दोन नंबरची पिन प्रोग्रामरने वीज द्यायची असेल तर, आणि चार नंबरची बोर्डाकडे स्वतःची वीज असून प्रोग्रामरने ती नुसती बघायची असेल तर. दोहोंपैकी एकच जोडायची. नावंही सरळ आहेत, 'व्हीसीसी टूल' आणि 'व्हीसीसी टार्गेट'. मला हा या क्षेत्रातला सर्वांत शहाणा कनेक्टर वाटतो. तो लोकप्रिय झाला नाही, कारण चौदा पिनांना जागा लागते.

तुम्ही बोर्ड करणाऱ्यांपैकी असाल तर एवढंच करा. प्रोग्रामिंग हेडरच्या व्हीसीसी पिनेत एक जंपर घाला, म्हणजे हवा तेव्हा जोडता-तोडता येईल. चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा; रिसेटवर मात्र उगाच मोठा ठेवू नका, प्रोग्रामरला ती तार झटकन हलवायची असते. आणि हेडरच्या शेजारी एक ओळ छापा : सप्लाय बोर्डाचा की प्रोग्रामरचा, आणि किती व्होल्टचा. अक्षरं छापायचे पीसीबीवाले वेगळे पैसे घेत नाहीत.